पंधरा ऑक्टोबरला उतरणारा झेंडा

आजची गोष्ट चेन्नईची आहे, पण ती सांगायचं निमित्त तारकर्लीचं आहे. म्हणून आधी तिथलं सांगते.

माझ्या मामेभावाची तारकर्लीला माडाच्या बागेत थोडी जमीन आहे. तिथे त्याच्या दोन खोल्या आहेत, सहा तंबू आहेत आणि कॅरव्हॅन घेऊन येणाऱ्यांसाठी चार जागा आहेत. गाडी लावायची, पाणी भरून घ्यायचं, विजेची तार जोडायची, सांडपाणी ओतायची सोय आहे. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या मनात हे होतं. शेवटी कर्ज काढून त्यानं ते केलं. धंदा बरा चालतो, पण मे संपला की सगळं आवरायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, आणि पुन्हा माणूस दिसायला सप्टेंबर उजाडतो. मागच्या वर्षी त्याचा मला फोन आला. म्हणाला, "ताई, बँकेचो हप्तो बारा म्हयने, आणि धंदो आठ म्हयने. ह्या गणित जुळवचा कसा? औंदा पावसाळ्यात बंदच करूचा नाय म्हणतंय. तू इतिहास वाचतंस, तुका काय वाटता?"

इतिहास वाचणाऱ्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी म्हटलं, आठ दिवस दे. मी तेव्हा चेन्नईत होते, आणि गंमत अशी की ज्या भागात उतरले होते, तिथे हाच प्रश्न जवळजवळ अडीचशे वर्षं विचारला गेला होता: मोसमी धंदा बारमाही करायचा का? त्या भागाचं नाव जॉर्ज टाउन.

बीच स्टेशन, पण बीच कुठे आहे?

जॉर्ज टाउन म्हणजे चेन्नईचा जुना व्यापारी गाभा. आपल्याकडच्या मस्जिद बंदर आणि काळबादेवीची कल्पना करा. मिंट स्ट्रीट, लिंगी चेट्टी स्ट्रीट, अर्मेनियन स्ट्रीट. एका गल्लीत कागद, दुसरीत लोखंड, तिसरीत मसाले. सौकारपेठेत मारवाडी आणि गुजराती पेढ्या आहेत, आणि त्यांच्या आडोशाला आपली सांगलीकडची, खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळतात. मी अशाच एका विट्याकडच्या कुटुंबात उतरले होते. मराठी पाहुणा आला की हे लोक त्याला आधी तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळच्या देवळात नेतात, कारण शिवाजी महाराजांनी १६७७ च्या ऑक्टोबरमध्ये इथे दर्शन घेतलं अशी देवळाची परंपरा आहे. ऑक्टोबर हा महिना लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

देवळातून निघून मी पूर्वेला चालत गेले. मोठा रस्ता लागला, राजाजी सालै. या रस्त्याचं जुनं नाव फर्स्ट लाइन बीच. त्यालाच लागून लोकलचं स्टेशन आहे, त्याचं नाव चेन्नई बीच. रस्त्याच्या नावात किनारा, स्टेशनच्या नावात किनारा, आणि डोळ्यांसमोर बंदराची लांबलचक भिंत, ट्रक, मालगाड्या आणि क्रेनची टोकं. समुद्र काही दिसेना. एकेकाळी या रस्त्यापासून चार पावलांवर लाटा फुटत होत्या. त्या कुठे गेल्या, हीच आजची गोष्ट.

बंदर नसलेलं बंदर

१६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे यानं इथली किनारपट्टी मिळवली आणि पुढच्या वर्षी फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्याचं काम सुरू झालं. जागा व्यापाराला चांगली होती, कारण आसपासच्या गावांत उत्तम कापड विणलं जायचं. पण समुद्राच्या बाजूनं पाहिलं तर याहून अडचणीची जागा मिळणं कठीण. मुंबईसारखी खाडी नाही, आडोशाला बेट नाही, नदीचं खोल मुख नाही. सरळ वाळूचा किनारा आणि त्यावर अखंड आदळणारी लाट.

जहाजं किनाऱ्यापासून मैल-दीड मैलावर उघड्या समुद्रात नांगर टाकायची. तिथून माल आणि माणसं आणायच्या मसुला होड्या. या होडीत एकही खिळा नसायचा. फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या. लाट आपटली की होडी लवायची, पण फुटायची नाही. युरोपातली पक्की, ताठ होडी याच लाटेत फुटून जायची. चिठ्ठीचपाटी न्यायला दोन-तीन ओंडके एकत्र बांधलेले तराफे असत. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे लाकूड. आज जगभर ज्या बोटीला कटमरान म्हणतात, तिचं नाव या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी दिलेलं आहे. मोठमोठे गव्हर्नर आणि सेनापती याच होडीवाल्यांच्या हातात जीव देऊन, चिंब भिजून मद्रासला उतरले.

हे सगळं चालायचं वर्षातले दहा महिने. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून जूनमध्ये येतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, आणि बंगालच्या उपसागरातली मोठी वादळं बहुधा याच काळात किनाऱ्याला लागतात. म्हणून मद्रासची एक शिस्त ठरली. १५ ऑक्टोबरला किल्ल्यावरचा झेंडा उतरवायचा. तो पुन्हा चढायचा १५ डिसेंबरला. मधल्या दोन महिन्यांत जे जहाज या किनाऱ्याजवळ नांगर टाकेल, त्याचा विमा रद्द. नौकानयनाच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत हा नियम नोंदलेला आहे.

आपल्याला यात नवल वाटायला नको. कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. तोवर ती किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवलेली असते. तिथे नारळ, इथे झेंडा. दोन्ही किनाऱ्यांचे बंद महिने मात्र वेगवेगळे. म्हणून मद्रासचा समुद्र बंद झाला की इंग्रजांचं आरमार कितीदा तरी चक्क मुंबईला येऊन राहायचं. १७५८ च्या हिवाळ्यात ॲडमिरल पोकॉकचा ताफा असाच मुंबईत होता, आणि नेमकं तेव्हाच, डिसेंबरमध्ये, फ्रेंच सेनापती लालीनं मद्रासला वेढा घातला. किल्ल्याला मदत घेऊन इंग्रजी जहाजं दिसली ती थेट फेब्रुवारी १७५९ मध्ये. किल्ल्याला खेटून असलेली जुनी वस्ती हळूहळू पाडून मैदान मोकळं केलं. पुढे जी वाढली ती उत्तरेकडची नवी वस्ती, म्हणजे आजचं जॉर्ज टाउन. तिला आधी ब्लॅक टाउन म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाचव्या जॉर्जच्या नावावरून हे नाव पडलं.

तारीख पाळली नाही तर काय होतं, तेही मद्रासनं पाहिलं होतं. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंच नौदलाचा ला बूर्दोने यानं मद्रास जिंकलं. जिंकल्यावर खंडणीच्या वाटाघाटी लांबल्या. पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युप्ले आणि तो, दोघांचं जमेना. ताफा उघड्या समुद्रात तसाच उभा राहिला. १३ ऑक्टोबरच्या रात्री वादळ आलं. काही जहाजं बुडाली, काहींची डोलकाठ्यांसकट मोडतोड झाली, हजारावर माणसं गेली. जिंकलेल्या माणसाची ताकद एका रात्रीत संपली. तारीख पाहा: तेरा. म्हणजे झेंड्याच्या तारखेला अजून दोन दिवस होते. पंचांग हे अनुभवाचं सार असतं, हमीपत्र नसतं.

बारमाही करायचा ध्यास

व्यापाऱ्याला मात्र हे दोन महिने सलत होते. गोदामाचं भाडं, कारकुनांचे पगार आणि कर्जाचं व्याज बारा महिने, आणि जहाजं दहा महिने. मामेभावाचंच गणित. १७७० च्या सुमारास मद्रास कौन्सिलात असलेल्या वॉरन हेस्टिंग्जनं समुद्रात धक्का बांधायची कल्पना मांडली. तो पुढे बंगालला गेला आणि कल्पना कागदावर राहिली. ती लोखंडात उतरायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

१८६१ साली समुद्रात लांबवर गेलेला लोखंडी धक्का तयार झाला. लोकांना वाटलं, सुटलो. १८६८ च्या वादळात एक जहाज त्यावर येऊन आदळलं. धक्का दुरुस्त केला. मे १८७२ च्या चक्रीवादळानं तो पुन्हा तोडला. हे वादळ तर झेंड्याच्या दोन महिन्यांच्या बाहेरचं, म्हणजे 'सुरक्षित' हंगामातलं.

मग ठरलं की धक्का पुरणार नाही, समुद्रच अडवला पाहिजे. अभियंता विल्यम पार्क्स याचा आराखडा असा होता: किनाऱ्यावरून दोन दगडी बाहू समुद्रात न्यायचे, पुढे एकमेकांकडे वळवायचे, आणि मध्ये सुमारे दोनशे एकर शांत पाणी कोंडायचं. डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाचा दगड बसवला. पाच-सहा वर्षांत काम जवळजवळ पुरं झालं. आणि १२ नोव्हेंबर १८८१ ला चक्रीवादळ आलं. सुमारे अर्धा मैल बांध विस्कटला. वरचे काँक्रीटचे ठोकळे आतल्या पाण्यात जाऊन पडले. बांधकामाच्या दोन प्रचंड टायटन क्रेन उलथल्या.

इथे मराठी माणसासाठी एक नाव. मद्रासचा नवा गव्हर्नर त्याच महिन्यात रुजू झाला होता: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. आपल्या माहितीतल्या ग्रँट डफचा, म्हणजे साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा हा मुलगा. नाव ठेवलं होतं बापाच्या वरिष्ठावरून, मुंबईच्या एल्फिन्स्टनवरून. बापानं मराठ्यांची बखर लिहिली, आणि मुलाच्या वाट्याला कारकिर्दीच्या पहिल्याच महिन्यात मोडलेलं बंदर आलं. हा मुलगा आपल्या गोष्टीत आणखी एकदा येईल.

बंदर पुन्हा बांधलं, १८९० च्या दशकात ते पुरं झालं. पण तोंड पूर्वेला, म्हणजे थेट लाटेच्या समोर. आत आलेलं जहाजही हेलकावे खायचं. वादळाची सूचना मिळाली की त्याला बाहेर हाकलावं लागायचं. दोनशे एकर पाणी कोंडूनही हंगाम संपलाच नव्हता. तो प्रश्न सोडवला सर फ्रान्सिस स्प्रिंगनं. हा मूळचा रेल्वेचा माणूस. १९०४ पासून मद्रास बंदराचा कारभार त्याच्याकडे आला. त्यानं पूर्वेचं तोंड बुजवलं, ईशान्येला नवं तोंड उघडलं आणि त्यापुढे आडोशाला बाहेरचा बांध घातला. १९११ मध्ये नवं तोंड चालू झालं. मग जहाजाला टेकायला धक्के आणि धक्क्यापर्यंत रेल्वेचे रूळ आले. १ मार्च १९१२ ला याच पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात तीस रुपये पगारावर एक कारकून लागला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. त्याला केंब्रिजपर्यंत पोचवायला ज्यांनी मदत केली, त्यांत हे स्प्रिंगसाहेबही होते.

तर असं मद्रास बारमाही झालं. इथे गोष्ट संपवली तर ती विजयाची गोष्ट होते. पण मी राजाजी सालैवर उभी होते आणि मला अजून समुद्र दिसला नव्हता.

वाळूचा हिशेब

या किनाऱ्यावर वाळू चालते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत लाटा तिरक्या येतात आणि किनाऱ्यालगत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलत नेतात. ईशान्य वाऱ्यांत थोडी वाळू परत दक्षिणेला येते, पण वर्षाची गोळाबेरीज उत्तरेच्या बाजूनं जाते. ही वाटचाल बांधाच्या आधी अखंड होती. बांध आडवा आला आणि वाळू दक्षिणेला अडकली. पूर्वी समुद्र किल्ल्याच्या तटाजवळ यायचा, तो मागे हटला. बंदराच्या दक्षिणेला किनारा रुंद होत गेला. त्या किनाऱ्यालगत आपल्या ग्रँट डफसाहेबांनी १८८० च्या दशकात फिरायला रस्ता केला आणि त्याला नाव दिलं मरीना. चेन्नईला गेलेला प्रत्येक मराठी पर्यटक जिथे पाय बुडवून फोटो काढतो, त्या मरीनाच्या रुंद वाळूचा मोठा भाग ही बंदराची न मागितलेली भेट आहे. पायाखाली वर्षानुवर्षांचा हा अडकलेला माल असतो.

मग ही वाळू ज्यांना मिळायची होती त्यांचं काय? ते बंदराच्या उत्तरेला राहतात. रायापुरम आणि त्याच्या पुढची कोळ्यांची वस्ती. त्यांच्या किनाऱ्यावरची वाळू लाटा नेतच राहिल्या, पण दक्षिणेकडून भरपाई येईना. किनारा मागे सरकू लागला. दगड टाकून बांध घालावे लागले, आणि एका ठिकाणी दगड टाकला की धूप पुढच्या गावाला जायची. स्प्रिंगला हे दिसत होतं. मद्रासच्या वाळूच्या वाटचालीवर त्यानं अभियंत्यांसाठी निबंधही लिहिला. पण बंदर हलवता येत नाही.

आणि होडीवाले? जहाज धक्क्याला लागलं, क्रेननं माल उतरला, मग शिवलेल्या होडीचं काय काम? अडीचशे वर्षं ज्यांच्या हातांवर शहराचा व्यापार पेलला, त्यांची विद्या एका पिढीत निकामी झाली. बंदराचे दोन महिने उघडले आणि त्यांचे बारा महिने बंद झाले.

मी उत्तरेला रायापुरमच्या पुढे, कासिमेडूच्या मासेमारी बंदरापर्यंत गेले. तिथे एक गोष्ट कळली. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आपल्याकडे तेच ६१ दिवस १ जून ते ३१ जुलै. कारण माशांची वीण. म्हणजे ज्या शहरानं बंद हंगाम मोडायला एवढा खटाटोप केला, त्याच शहरात दुसऱ्या महिन्यांचा, दुसऱ्या कारणाचा बंद हंगाम कायद्यानं परत आणावा लागला. आणि जुना हंगाम तरी पुरता कुठे गेलाय? डिसेंबर २०१६ मध्ये वरदा, डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग. दोन्ही तारखा पंधरा ऑक्टोबर ते पंधरा डिसेंबरच्या आतल्या. मोठ्या वादळाचा बावटा चढला की आजही जहाजांना बंदराबाहेर खोल समुद्रात पाठवतात. झेंडा उतरतोच. फरक इतकाच की आता तो दोन महिने नाही, दोन-चार दिवस उतरतो, कारण हवामान खातं आधी सांगू शकतं.

हे दोन महिन्यांचे दोन-चार दिवस होणं फार मोठी गोष्ट आहे, ते मी नाकारत नाही. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला, भर आषाढात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्याच मुंबईच्या पाण्यात २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट पावसाळ्यातही चालते. गेटवेवरच्या छोट्या लाँच मात्र पावसाळ्यात अजून बंदच असतात. बोट मोठी झाली, मांडव्याला लाटा अडवणारा बांध झाला, सूचना वेळेवर मिळू लागली, तेव्हा हंगाम वाढला. नुसत्या हिमतीवर वाढला नाही.

तारकर्लीला काय सांगितलं

आठ दिवसांनी मी मामेभावाला फोन केला. त्याला उत्तर देण्याऐवजी तीन प्रश्न विचारले. पहिला: तुझे बंद महिने खरंच रिकामे असतात का? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, तरवा लावायचा असतो, होडी शाकारायची असते, विहिरीला पाणी चढतं, संडासाच्या टाक्या निवळतात, आणि म्हातारीशी बोलायला वेळ मिळतो. म्हणजे बंद महिन्यांत कामच होतं, फक्त त्याची पावती फाटत नव्हती. दुसरा: उघडं ठेवायचं तर कुठलं? खोल्या रस्त्याच्या बाजूला आहेत, तंबू आणि कॅरव्हॅनच्या जागा वाळूच्या कडेला. तिसरा: ती कडा टिकवायला तू दगड टाकलेस, तर वाळू कुणाची जाईल? यावर त्याला काही सांगावं लागलं नाही. शेजारचं देवबाग कर्ली नदी आणि समुद्राच्या मधली चिंचोळी पट्टी आहे, आणि तिथली धूप त्यानं लहानपणापासून पाहिली आहे.

शेवटी त्यानं ठरवलं ते असं. दोन खोल्या बारमाही, पावसात मालवणी जेवण आणि भातलावणी पाहायला येणाऱ्यांसाठी. तंबू आणि गाड्यांच्या जागा मे अखेर बंद. बँकेत जाऊन त्यानं हप्त्यांची फेरमांडणी मागितली, पावसाळ्यात कमी आणि दिवाळी ते मे जास्त. बँकेनं अर्धंच मान्य केलं. बाकीची ओढाताण आहे, आणि ती मी इथे बसून सोडवू शकत नाही.

मला जॉर्ज टाउननं शिकवलं ते एवढंच, की बंद हंगाम नाहीसा करता येत नाही, तो सरकवता येतो. एका ठिकाणचा उचलला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन बसतो. मद्रासच्या व्यापाऱ्याचा हंगाम रायापुरमच्या कोळ्याच्या दारात गेला. सरकवण्याआधी ते दार कुणाचं आहे, हे एकदा जाऊन पाहून यावं. विट्याच्या त्या घरातल्या आजींना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आमची भट्टीसुद्धा रोज निववावी लागते. न निववता दुसऱ्या दिवशी पेटवली की मूस तडकते."